हिरवं कार्ड भिंतीवर, पण शेवटच्या नळाचं काय?

ग्रामपंचायतीला हिरवं कार्ड मिळालं की गावाचं पाणी चांगलं, असं आपण धरून चालतो. मला हे पटत नाही. या कार्डासाठी पाण्याच्या स्रोतांची तपासणी वर्षातून दोनदा होते, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. विहिरीचा परिसर, गळती, टीसीएलचा (पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरीचा) साठा असं सगळं पाहून लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतात. तपासणी हवीच. पण पाणी आपण रोज पितो, आणि ते बिघडतं टाकीपासून घरापर्यंतच्या वाटेत.

आपल्याकडे चोवीस तास पाणी नसतं. कुठे सकाळी तासभर, कुठे दिवसाआड, उन्हाळ्यात तर त्याहून वाईट. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, आणि रिकामा पाइप बाहेरचं आत ओढतो. फुटक्या जोडातून, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात साचलेल्या डबक्यातून, गटारातून नेलेल्या नळजोडणीतून. त्यात कुणी नळाला थेट मोटार लावली की ही ओढ आणखी वाढते, आणि आत आलेली घाण फक्त मोटारवाल्याच्याच घरी जाते असं नाही, आळीतल्या कुणाच्याही माठात जाते. जून-जुलैत हगवण आणि गॅस्ट्रोचे पेशंट वाढतात ते काही हवेमुळे नव्हे. कावीळ तर त्याहून फसवी. पाणी दूषित झाल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी डोळे पिवळे होतात. तोवर गळती बुजवलेली असते, नमुना चांगला येतो, आणि सगळे म्हणतात, पाण्यात काही दोष नाही.

म्हणून टाकीत टाकलेलं क्लोरीन टाकीतच संपून चालत नाही. थोडं शिल्लक राहून ते गावाच्या टोकाच्या घरापर्यंत पोचायला हवं. आयएस १०५०० या मानकाप्रमाणे ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावं. मोजायची ओटी टेस्ट अगदी साधी: नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे (ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे) थेंब टाकायचे आणि पिवळा रंग किती आला ते लगेच पाहायचं. रंगच आला नाही तर त्या घरात क्लोरीन पोचलेलं नाही. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायच्या किटचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं. बहुतेक गावांत ते किट कुठल्या कपाटात आहे, हे जरा विचारून पाहा.

टीसीएलचंही तसंच. चांगल्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं, आणि हजार लिटरला ५ ग्रॅम या हिशेबाने ५० हजार लिटरच्या टाकीला पाव किलो लागते. ती बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं आणि निदान अर्धा तास थांबून मगच व्हॉल्व्ह उघडायचा. पण पोतं पंपघराच्या ओल्या फरशीवर तोंड उघडं टाकून पडलेलं असेल तर क्लोरीन उडून जातं. पावडर तेवढीच पांढरी दिसते, गुण मात्र गेलेला असतो.

यात पाणी सोडणाऱ्या माणसावर सगळं खापर फोडणं मला अन्यायाचं वाटतं. तुटपुंज्या मानधनावर तो पहाटे टाकीवर चढतो. जरा वास आला की आपणच त्याला रस्त्यात अडवतो, ‘आज औषध लई टाकलंय, चहा पिववेना.’ दुसऱ्या दिवशी तो कमी टाकतो, आणि रजिस्टर मात्र नेहमीसारखं भरलं जातं. कॅनडातल्या वॉकरटन या छोट्या गावात मे २००० मध्ये दूषित पाण्याने ७ माणसं गेली आणि दोन हजारांवर आजारी पडली. क्लोरीन न मोजताच त्याच्या नोंदी भरल्या जात होत्या, हे चौकशीत निघालं.

इतक्या लांब कशाला जायचं? जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडे जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या नसांच्या आजाराची साथ आली तेव्हा नांदेड, किरकटवाडी ही नावं रोज बातम्यांत होती. ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली, तरी विहिरीचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता फक्त क्लोरीन टाकून नळाला येत होतं. तिथल्या खासगी आरओ प्लांटच्या पाण्यातही जिवाणू सापडले. तेव्हा ‘आम्ही जारचं पाणी पितो’ म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. आरओत क्लोरीन निघून जातं, त्यामुळे नंतर जार किंवा तोटी अस्वच्छ असेल तर पाण्याला काही संरक्षण उरत नाही. आणि ज्याला जार परवडत नाही, तो नळाचंच पाणी पिणार ना?

माझं मागणं मोठं नाही. गावाच्या टोकाच्या नळावर रोज ओटी टेस्ट व्हावी, आणि तो आकडा तारखेसह ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. शून्य आला तर शून्यच लिहावा, त्यासाठी कुणाला दरडावू नये. पाणी सोडणाऱ्याचं मानधन वाढवावं आणि टीसीएल झाकणाच्या कोरड्या पिंपात ठेवावी. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी मी हे लेखी देतो आहे. तुमच्या गावात शेवटच्या नळावर क्लोरीन मोजत असतील तर ते कोण मोजतं आणि नोंद कुठे होते, कमेंटमध्ये जरूर लिहा. आमच्या सरपंचांना दाखवायला उपयोगी पडेल.