जर्मनीतला मुख्यमंत्री चॅन्सेलर नेमत नाही आणि काढतही नाही

‘जर्मनीत राज्यांचे मुख्यमंत्री चॅन्सेलरच नेमतो, नकोसा झाला की घरी पाठवतो, म्हणून तिथे केंद्र-राज्य भांडणं नाहीत. थुरिंगियात बघा काय झालं!’ असा मजकूर गटागटांतून फिरतोय. चॅन्सेलर म्हणजे तिथला पंतप्रधान. यातलं एकही विधान टिकत नाही.

नेमणूक? सोळापैकी तेरा राज्यांत या पदाला मिनिस्टरप्रेझिडेंट म्हणतात. बर्लिन, हॅम्बुर्ग, ब्रेमेनमध्ये तेच काम महापौराकडे असतं. निवड राज्याचं विधिमंडळ मतदानाने करतं. राज्यपाल हा प्रकारच तिथे नाही. २००५ मध्ये श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याच्या मुख्यमंत्री हायडे सिमोनिस फेरनिवडीच्या चार फेऱ्यांत एका मताने अडल्या. मतदान गुप्त, त्यामुळे घरभेदी कोण ते कळलंच नाही.

आता थुरिंगिया राज्य. ५ फेब्रुवारी २०२० ला एफडीपी या छोट्या उदारमतवादी पक्षाचे थॉमस केमेरिष तिसऱ्या फेरीत ४५ विरुद्ध ४४ मतांनी निवडून आले, तेही एएफडी या कट्टर उजव्या पक्षाच्या मतांवर. डाव्या पक्षाच्या गटनेत्या सुझान हेनिग-वेलझोव यांनी अभिनंदनाचा गुच्छ हातात न देता त्यांच्या पायाशी टाकला. दुसऱ्या दिवशी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावरून तेव्हाच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी हे अक्षम्य असल्याचं आणि निकाल फिरवायला हवा असं सांगितलं. ८ तारखेला राजीनामा आला. दबाव होताच, नाकारण्यात अर्थ नाही. पण तो राजकीय होता, आणि केमेरिष यांचा स्वतःचा पक्षाध्यक्षही थुरिंगियाच्या राजधानीत, एरफुर्टला, येऊन धडकला होता. बडतर्फीचा आदेश कुणी काढला नाही, कारण तसा अधिकारच नाही. उलट २०२२ मध्ये घटना न्यायालयाने ठरवलं की, चॅन्सेलरपदावरून असं बोलून मर्केल यांनी एएफडीच्या समान संधीच्या हक्काचा भंग केला. नुसता शेरा मारला, तोही अंगाशी आला!

राष्ट्रपती राजवटीसारखं काही? घटनेच्या कलम ३७ मध्ये केंद्राला राज्यावर सक्तीची मुभा आहे, पण बुंडेसराट या राज्यांच्या सभागृहाच्या संमतीनेच. आणि बुंडेसराटमध्ये बसतात राज्य सरकारंच. १९४९ पासून ते कलम एकदाही वापरलेलं नाही.

भांडणं नाहीत म्हणे! २२ मार्च २००२ ला स्थलांतर कायद्यावर बुंडेसराटमध्ये मतदान होतं. राज्याची मतं एकगठ्ठाच पडावी लागतात. ब्रांडेनबुर्गच्या एका मंत्र्याने ‘हो’ म्हटलं, दुसऱ्याने ‘नाही’. मुख्यमंत्री मानफ्रेड श्टोल्पे ‘हो’ म्हणाले, तेव्हा अध्यक्षांनी होकार धरला आणि सभागृहात एकच गदारोळ उडाला. डिसेंबरमध्ये न्यायालयाने अख्खा कायदाच रद्द केला.