जास्त खाण्याला पाप ठरवताना

श्रद्धेच्या आधाराने खाण्यावर ताबा मिळवता येतो, हे मी वाचलेल्या एका लेखातील मत मला मान्य आहे. मात्र अमेरिकेतील ‘वे डाउन’ आणि ‘डॅनियल प्लॅन’ या वजन कमी करण्याच्या दोन ख्रिस्ती उपक्रमांना त्या लेखकाने एकाच माळेत ओवणे योग्य वाटत नाही. टेनेसीत ग्वेन शॅम्बलिन यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘वे डाउन’मध्ये कोणताही पदार्थ वर्ज्य नव्हता, पोटात खरोखर कावळे ओरडू लागेपर्यंत थांबायचे, पोट भरल्याची जाणीव होताच ताटावरून उठायचे आणि त्यापलीकडची खा-खा देवाकडे वळवायची, अशी शिकवण होती. यात शहाणपण आहेच. परंतु याच शिकवणीने जास्त खाणे ही देवाची अवज्ञा ठरवली, आणि ज्यांना अनावर खाण्याचा विकार आहे त्यांच्यावर आजाराच्या जोडीला अपराधीपणाचेही ओझे लादले, याचे मला फार वाईट वाटते. अशा माणसाला पश्चात्तापाआधी डॉक्टरांची गरज असते.

याउलट, कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक चर्चचे तेव्हाचे पाद्री रिक वॉरन यांनी २०११ मध्ये स्वतःच्या वाढलेल्या वजनाची कबुली देऊन, डॉक्टरांना सोबत घेऊन ‘डॅनियल प्लॅन’ सुरू केला. (ज्याचे नाव या उपक्रमाला दिले आहे तो बायबलमधील दानीएल व त्याचे सोबती दहा दिवस शाकाहार आणि पाण्यावर राहून बारीक झाले नव्हते, तर अधिक धष्टपुष्ट दिसू लागले होते, हेही ध्यानात घ्यावे.) सदस्यांना छोट्या गटांत एकत्र आणले गेले, आणि माझ्या मते या उपक्रमाचे खरे बळ त्या सोबतीतच होते. कोणत्याही चर्चने असे गट चालवताना कोणाच्या वजनाचा आकडा सर्वांसमोर वाचू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.