हैतीचा उल्लेख हवा होता
फ्रेंच राज्यक्रांतीवरचा लेख आवडला, पण १७८९च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने ‘सर्वांना’ समतेचा हक्क दिला, हे वाक्य खटकलं. त्याच वेळी फ्रान्सच्या सँ-दोमँग वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, सुमारे ५ लाख गुलाम उसाच्या नि कॉफीच्या मळ्यांत राबत होते. ऑगस्ट १७९१मध्ये ते उठले, मळे पेटले. पॅरिसने गुलामगिरी रद्द केली ती फेब्रुवारी १७९४मध्ये.

ज्याँ-बातिस्त बेलेचं १७९७ सालचं चित्र जरूर बघा. एके काळचा गुलाम, पुढे फ्रेंच विधिमंडळात सँ-दोमँगचा प्रतिनिधी. कमरेला तिरंगी पट्टा, आणि गुलामगिरीवर तुटून पडणाऱ्या रेनाल या विचारवंताच्या संगमरवरी अर्धपुतळ्याला रेलून उभा. माझी तर त्या चित्रावरून नजर हटत नाही.

नेपोलियनने १८०२मध्ये गुलामगिरी पुन्हा लादायला घेतली. उठावाचा नेता तुसाँ लुव्हेर्त्यूर फ्रान्समधल्या थंडगार किल्ल्यात, कैदेतच वारला. तरी १ जानेवारी १८०४ला हैती स्वतंत्र झालं. आणि १८२५मध्ये फ्रान्सने हैतीकडेच १५ कोटी फ्रँक मागितले, मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेपोटी! त्या मालमत्तेत ही गुलाम माणसंही धरलेली होती. पुढच्या भागात यावर लिहाच, मनापासून विनंती.