‘९५ टक्के लोकांचं वजन परत वाढतं’ हे प्रयत्न सोडण्याचं कारण नव्हे

कष्टाने उतरवलेलं वजन ज्यांचं दोन-चार वर्षांत हळूहळू परत चढलं आहे, त्यांच्यापर्यंत हल्ली एक मजकूर हमखास पोचतो. त्याचा गोषवारा असा: डाएट करणाऱ्या ९५ टक्के लोकांचं वजन परत वाढतं; प्रत्येक शरीराचं वजन आतून ठरलेलं असतं; दर खेपेला चयापचय आणखी मंदावतो; वजनाचे असे चढ-उतार लठ्ठपणापेक्षा घातक असतात; तेव्हा परत वाढलं असेल तर पुन्हा त्या वाटेला जाऊ नका.

हे पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू बहुतेकदा चांगला असतो. वजन परत वाढलेल्या माणसाने आधीच पुरेसे टोमणे ऐकलेले असतात, त्यामुळे ‘तुमचा दोष नाही’ असं कुणी म्हटलं की बरं वाटतं. दोष नाहीच. पण ‘दोष नाही’पासून थेट ‘उपाय नाही’पर्यंत जी उडी मारली जाते, तिला आधार नाही. थोडं वजन उतरवून ज्यांना खरोखर फायदा झाला असता, अशी माणसं या मजकुरामुळे मागे फिरतात, आणि मला त्याची काळजी वाटते.

आधी ९५ टक्क्यांचा आकडा. तो बहुतेकदा अल्बर्ट स्टंकार्ड आणि मेव्हिस मॅक्लॅरेन-ह्यूम यांच्या १९५९ च्या शोधनिबंधापर्यंत मागे जातो. न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णालयातल्या १०० रुग्णांची ती पाहणी होती. १२ जणांचं वजन २० पौंड, म्हणजे नऊ किलोच्या आसपास उतरलं, आणि दोन वर्षांनी ते टिकवलेले दोघेच उरले. या रुग्णांना काय खायचं याचा तक्ता देऊन घरी पाठवलं जात असे. पुढे साथ अशी नव्हतीच. त्या काळच्या त्या उपचाराचा हा निकाल आहे. तो आज सगळ्या माणसांना आणि सगळ्या पद्धतींना लावणं चूक आहे.

नंतरचे आकडे फार सुखाचे नाहीत, पण इतके निराशाजनकही नाहीत. रीना विंग आणि सुझान फेलन यांनी २००५ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, वजन १० टक्क्यांनी उतरवून ते निदान वर्षभर टिकवणारे साधारण २० टक्के असतात. अमेरिकेत ‘लुक अहेड’ नावाची मोठी चाचणी झाली, ५,१४५ मधुमेही आणि वजन जास्त असलेल्या लोकांवर. ज्या गटाला वर्षानुवर्षं नियमित मार्गदर्शन मिळत राहिलं, त्यातल्या निम्म्या लोकांचं वजन आठ वर्षांनीही सुरुवातीपेक्षा ५ टक्के किंवा त्याहून जास्त कमी होतं. चौथ्या हिश्शाहून अधिक लोक १० टक्क्यांच्या पलीकडे होते. याच चाचणीत हृदयविकार आणि पक्षाघात मात्र कमी झाले नाहीत, हेही सांगायला हवं. हालचाल, झोपेतला श्वासरोध आणि औषधांची गरज यांत फरक पडला.

या मजकुरात एक गोष्ट उघड म्हटलेली नसते, पण सगळा डोलारा तिच्यावर उभा असतो: परत वाढलं म्हणजे मधली वर्षं फुकट गेली. मला यावर सर्वांत जास्त आक्षेप आहे, कारण नेमकं याच परिस्थितीत काय होतं ते मोजलं गेलं आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ लोकांवर अमेरिकेतच एक चाचणी झाली. २००२ मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा आहार-व्यायामाच्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी होतं. पुढची वर्षंही या लोकांवर लक्ष ठेवलं गेलं. आहार-व्यायामाच्या गटाने पहिल्या वर्षी सरासरी सात किलो उतरवले होते आणि दहा वर्षांत त्यातले बहुतेक परत आले होते. हुबेहूब तीच गोष्ट, जी अनेकांच्या बाबतीत होते. तरीही सुरुवातीपासून मोजलं तर मधुमेहाचं प्रमाण या गटात ३४ टक्क्यांनी कमी होतं, आणि पंधरा वर्षांनी २७ टक्क्यांनी. फरक घटत गेला, पण पुसला गेला नाही. काट्यावर जुनाच आकडा दिसला, तरी शरीराला मधल्या वर्षांत मिळालेली सवलत खरी होती.

‘शरीराचं वजन ठरलेलं असतं’ यात अर्धं तथ्य आहे. वजन उतरलं की शरीर विरोध करतं, पण तो कशाने करतं हे नीट समजून घेतलं पाहिजे. केव्हिन हॉल आणि डेव्हिड पॉलिडोरी यांनी २०१६ मध्ये त्याचं गणित मांडलं. उतरलेल्या दर किलोमागे शरीराचा रोजचा ऊर्जाखर्च वीस-तीस कॅलरींनी घटतो, तर भूक रोज सुमारे शंभर कॅलरींनी वाढते. म्हणजे पाच किलो उतरवलेल्या माणसाला दिवसाला पाचशे कॅलरींची जादा भूक ढकलत असते. ही ओढ लवकर मावळत नाही. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात वजन उतरवल्यानंतर वर्षभरानेही भुकेची संप्रेरकं मूळ पातळीवर आलेली नव्हती. त्यामुळे ‘इच्छाशक्ती कमी पडली’ असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे आधी वाचावेत.

पण वजन जर खरंच आतून पक्कं ठरलेलं असतं, तर एकाच माणसाचं वजन वीस वर्षांत बारा-पंधरा किलोंनी वाढलं नसतं. झोप, काम, औषधं, हाताशी काय खायला आहे, यांनुसार ही पातळी सरकते. निर्णय घेताना याचा उपयोग असा की मागच्या खेपेची पद्धत भूक सांभाळणारी होती का, हे तपासावं. ज्या आहारावर माणूस दिवसभर उपाशी राहतो, तो तीन महिने निभतो आणि मग ये रे माझ्या मागल्या. भुकेवरच काम करणारी सेमाग्लुटाइडसारखी औषधं आता आहेत. ती थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आल्याचं चाचणीत दिसलं. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर रक्तदाब चढतो, म्हणून गोळी निकामी होती असं आपण म्हणत नाही. इथेही तोच न्याय लावावा, आणि किती काळ घ्यावं लागेल, झेपेल का, हे सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

चयापचय कायमचा बिघडतो, या दाव्यासाठी वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांचा दाखला दिला जातो. स्पर्धेनंतर सहा वर्षांनी त्यांच्या शरीराचा विश्रांतीतला ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे पाचशे कॅलरींनी कमी होता, हे खरं आहे. मात्र या लोकांनी काही महिन्यांत सरासरी ५८ किलो उतरवले होते. शिवाय त्याच अभ्यासातली एक गोष्ट सांगायची राहून जाते: ज्यांनी वजन जास्त टिकवलं, त्यांच्यातच ही मंदी जास्त होती. मग वजन परत वाढण्याचं खापर तिच्यावर कसं फोडायचं? सहा-आठ किलो सावकाश उतरवू पाहणाऱ्याने या आकड्याने घाबरू नये.

चढ-उतार लठ्ठपणापेक्षा घातक, हा दावा तर आणखी कच्चा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञगटाने १९९४ मध्येच म्हटलं होतं की या भीतीपोटी लठ्ठ व्यक्तींनी प्रयत्न सोडावा एवढा पुरावा नाही. आजारपणामुळे उतरलेलं वजनही अशा अभ्यासांत मिसळतं, आणि चित्र गढूळ होतं.

मग उतरवायचं की नाही? सगळ्यांनी उतरवावं, असं मी म्हणणार नाही. निर्णय शेकडेवारीवर न घेता स्वतःच्या शरीरावर घ्यावा. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे का? रक्तदाब, साखर, घोरणं, गुडघे काय सांगतात? वजन कधीपासून वाढू लागलं, आणि तेव्हा काय बदललं? स्टिरॉइड, इन्सुलिन, काही मानसोपचाराची औषधं, थायरॉइडची कमतरता, रजोनिवृत्तीच्या आसपासचे बदल, सुटलेली सिगारेट, घरातल्या कुणाच्या आजारपणातली जागरणं. कारण यात असेल तर आधी त्याकडे पाहावं लागतं. घेर आणि तपासण्या ठीक असतील आणि पूर्वी दहा किलो उतरवून त्यातले चारच परत आले असतील, तर पुन्हा मोहीम काढायची गरज नसेलही. मधुमेह किंवा श्वासरोध असेल तर ५ टक्केही कामी येतात. साठीच्या पुढे वजनासोबत स्नायूही जातात, म्हणून तिथे ताकदीचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिनं नसतील तर उतरवू नये. खाण्याशी संबंधित मानसिक आजार कधी झाला असेल, तर वजनाचा विषय एकट्याने काढूच नये.

आणि तिसरा एक निर्णय असतो, जो त्या मजकुरात कुठेच नाही: उतरवायचं नाही, पण इथेच थांबवायचं. विंग यांनीच २००६ मध्ये ३१४ जणांवर हे करून पाहिलं. हे सगळे नुकतंच बरंच वजन उतरवलेले लोक होते. त्यातल्या काहींना नुसती पत्रकं दिली, बाकीच्यांना रोज वजन करायला आणि थोडं वाढताच वेळीच आवरायला शिकवलं. दीड वर्षात सव्वादोन किलो किंवा जास्त वजन परत चढलेले, नुसती पत्रकं मिळालेल्या गटात ७२ टक्के होते आणि समोरासमोर मार्गदर्शन मिळालेल्या गटात ४६ टक्के. अर्ध्यावर परत आलेल्या माणसाने आज एवढंच ठरवलं तरी तो निर्णय पुरेसा आहे. सहा महिने वजन आहे तिथे ठेवावं, झोप आणि चालणं पूर्ववत करावं, आणि पुढे उतरवायचं की नाही ते नव्या तपासण्या हातात आल्यावर डॉक्टरांसोबत बसून ठरवावं.