पिशवी लावलेल्या माणसाची नमाज

गेल्या महिन्यात गावी पोहोचलो तेव्हा अब्बांची जानमाज (नमाजची चटई) घडी करून कपाटावर ठेवलेली होती. प्रोस्टेटमुळे लघवी अडल्याने त्यांना कॅथेटरची नळी घातलेली आहे आणि पायाशी पिशवी बांधलेली आहे. ऑपरेशनची तारीख अजून मिळायची आहे. 74 वर्षांच्या या माणसाने माझ्या आठवणीत तापातही कधी फजर, म्हणजे पहाटेची नमाज, चुकवलेली नाही, आणि त्यांनी 11 दिवस एकही नमाज पढलेली नव्हती. कारण विचारल्यावर ते काही बोलले नाहीत, नुसता मोबाइल माझ्यापुढे सरकवला.

त्या व्हॉट्सअॅप संदेशाने आमच्या मोहल्ल्यातले निम्मे मोबाइल पालथे घातले आहेत, हे मला नंतर कळले. लिहिणाऱ्याने आपले नाव दिलेले नाही, पण संदेश पुढे पाठवणाऱ्याला सवाब, म्हणजे पुण्य, मिळेल, एवढे मात्र आवर्जून लिहिले आहे. त्यातले दावे असे: लघवीची पिशवी अंगावर असताना नमाज होत नाही, कारण नजासत (अपवित्र घाण) अंगावरच असते, अशा माणसाने मशिदीत पाऊल ठेवू नये, ज्याला लघवी आवरत नाही त्याने नमाजच्या तीन तास आधी पाणी आणि लघवीच्या गोळ्या बंद ठेवाव्यात, घरात पाणी असेल तर आजाऱ्यालाही तयम्मुम (पाण्याऐवजी मातीने करायची शुद्धी) चालत नाही, बोटातून रक्त काढून साखर तपासली की वजू (नमाजआधी हात, तोंड, पाय धुऊन केलेली शुद्धी) तुटते, आणि आजारपणात पढलेल्या सगळ्या नमाजा बरे झाल्यावर कजा (राहून गेलेल्या नमाजची भरपाई) म्हणून पुन्हा पढाव्या लागतात.

सर्वांत आधी पाण्याचा मुद्दा घेतो, कारण बाकीच्या चुकांनी नमाज जाते, या चुकीने माणूस जाऊ शकतो. अब्बांनी नमाज सोडण्याआधी दोन दिवस हा उपाय करून पाहिला होता. दुपारपासून त्यांनी पाण्याच्या ग्लासाला हात लावला नव्हता आणि पिशवीतली लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली होती. नळी असलेल्या माणसाने पाणी कमी केले की लघवी घट्ट होते, नळीत गाळ साचून ती तुंबते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून तर डॉक्टर अशा रुग्णाला भरपूर पाणी प्यायला सांगतात. शिवाय नळी घातलेल्या माणसाची लघवी पाणी न प्यायल्याने थांबतच नाही, ती थेंब थेंब पिशवीत उतरतच राहते, म्हणजे ज्या हेतूने हा छळ करायचा तो हेतूही साधत नाही. लघवीच्या गोळ्यांचे तर विचारूच नका. हृदय कमजोर झाल्यामुळे ज्याच्या पायांवर सूज येते आणि फुप्फुसांत पाणी साचते, त्याला त्या गोळ्या दिलेल्या असतात. अशा माणसाने पाच वेळच्या नमाजसाठी प्रत्येकी तीन तास गोळी टाळायची म्हटली, तर ती घ्यायची केव्हा, हा हिशेबसुद्धा संदेश लिहिणाऱ्याने केलेला नाही. गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारणे वेगळे. ती स्वतःच्या मनाने बंद करणे हा दीन, म्हणजे धर्म, नव्हे.

आता नजासतीचा मुद्दा. यात अर्धे सत्य आहे आणि ते मला नाइलाजाने मान्य करावे लागते. नमाजसाठी अंग, कपडे आणि जागा पाक असावी, ही अट खरीच आहे. आम्ही कोकणी मुसलमान शाफई मसलकाचे (सुन्नी धर्मशास्त्राच्या परंपरांपैकी एका परंपरेचे), आणि नजासत भरलेली बंद बाटली जवळ बाळगून पढलेली नमाज होत नाही, ही चर्चा शाफई फिकहच्या (धर्मशास्त्राच्या) ग्रंथांत सापडते. संदेश लिहिणाऱ्याने बहुधा कुठेतरी तेवढेच ऐकले असावे. पण ती बाटली खिशात घालणारा माणूस ती काढून ठेवू शकतो. अब्बा नळी काढून ठेवू शकत नाहीत. ज्याला लघवी आवरता येत नाही त्याच्यासाठी त्याच ग्रंथांत स्वतंत्र मसला (धर्मनियम) आहे, त्या अवस्थेला सलसुल बौल म्हणतात आणि अशा माणसाला माजूर, म्हणजे नाइलाज असलेला. आजचे मुफ्ती कॅथेटर लावलेल्या रुग्णाला साधारणपणे याच मसल्यात बसवतात.

या मसल्याचे मूळ सहीह बुखारी या हदीससंग्रहातल्या (हदीस म्हणजे पैगंबरांच्या वचनांची आणि कृतींची नोंद) एका हदीसमध्ये आहे. फातिमा बिन्त अबी हुबैश या सहाबियांना (पैगंबरांच्या काळातल्या अनुयायी स्त्रीला) इस्तिहाजा होता, म्हणजे पाळी संपली तरी रक्तस्राव थांबत नसे. आपण पाकच होत नाही, तर नमाज सोडून द्यावी का, असे त्यांनी पैगंबर साहेबांना विचारले. उत्तर मिळाले की नाही, ते एका शिरेचे रक्त आहे, पाळीचे नाही. पाळीचे दिवस तेवढे सोडावेत, ते संपले की रक्त धुऊन नमाज पढावी, आणि प्रत्येक नमाजसाठी वजू करावी. अब्बांच्या मनात होता तोच हा प्रश्न, आणि त्याचे उत्तर चौदाशे वर्षांपूर्वी देऊन झालेले आहे.

शाफई मसलकात याची रीत अशी: वक्त (त्या नमाजची वेळ) सुरू झाल्यावर लघवीची जागा स्वच्छ करावी, शक्य तेवढा बंदोबस्त करावा, वजू करावी आणि विनाकारण वेळ न दवडता नमाज पढावी, जमातीसाठी (सामूहिक नमाजसाठी) थांबणे विनाकारण धरले जात नाही. त्या एका वजूवर एक फर्ज (बंधनकारक नमाज) आणि हव्या तेवढ्या नफ्ल (ऐच्छिक नमाजा) पढता येतात. हनफी या दुसऱ्या मसलकात वजू त्या नमाजचा वक्त संपेपर्यंत टिकते. त्या आजारामुळे ती तुटत नाही, दुसऱ्या कारणाने मात्र तुटते. ही सवलत कुणीही उठून घ्यावी अशी नाही, हेही सांगितले पाहिजे. एखाद्याची लघवी दहा मिनिटे गळून थांबत असेल आणि वक्त संपण्याआधी वजू करून फर्ज पढण्याइतकी उसंत मिळत असेल, तर त्याने त्या उसंतीची वाट पाहावी. तो माजूर ठरत नाही.

मशिदीत पाऊल ठेवू नये, हा दावा वाचून मला सर्वांत जास्त राग आला. अब्बांनी त्याच मशिदीत पन्नास वर्षे सफा (नमाजच्या लांब चटया) टाकल्या आणि उचलल्या आहेत. बुखारीतच हजरत आयेशांची रिवायत (सांगितलेली हकीकत) आहे: पैगंबर साहेबांच्या एका पत्नीने त्यांच्यासोबत एतिकाफ केला, तेव्हा त्यांना इस्तिहाजाचा स्राव सुरू होता आणि कधी कधी त्या आपल्या खाली तबक ठेवत असत. एतिकाफ म्हणजे मशिदीतला मुक्काम. त्या तबकाच्या जागी आज प्लास्टिकची पिशवी आणि तिची घट्ट बसणारी तोटी आहे, एवढाच फरक. मशीद खराब होण्याची भीती असेल तर जाऊ नये, ही अट फुकहांनी (धर्मशास्त्राच्या जाणकारांनी) घातली आहे आणि ती रास्त आहे. पण निघण्यापूर्वी पिशवी रिकामी करून तोटी तपासली की ती भीती राहत नाही. माजूर माणसाने निरोगी लोकांची इमामत (नमाजचे नेतृत्व) करू नये, असा हनफी मसला आहे. इमाम होता येत नाही या मसल्याचा मशिदीत येता येत नाही असा अर्थ कुणीतरी लावला असावा, असा माझा संशय आहे.

तयम्मुमबद्दल फार लिहायला नको. कुरआनच्या पाचव्या सूरेतल्या सहाव्या आयतीत तयम्मुमची कारणे सांगताना प्रवासाच्याही आधी आजाराचा उल्लेख आहे, आणि अल्लाह तुम्हांला अडचणीत घालू इच्छित नाही, हे शब्दही त्याच आयतीत आहेत. अबू दाऊद या दुसऱ्या हदीससंग्रहात डोक्याला जखम झालेल्या एका माणसाची हकीकत आहे. त्याला गुस्लची (शुद्धीसाठी पूर्ण अंघोळीची) गरज पडली, सोबत्यांनी पाणी असताना तयम्मुमची सवलत नाही असे सांगितले, त्याने अंघोळ केली आणि तो मरण पावला. त्यांनीच त्याला मारले, असे पैगंबर साहेब म्हणाले, आणि माहीत नव्हते तर विचारले का नाही, असेही. या हदीसच्या, इथे न दिलेल्या, शेवटच्या भागाबद्दल मुहद्दिसांत (हदीसच्या अभ्यासकांत) मतभेद आहेत, पण हा प्रसंग संदेश लिहिणाऱ्याने एकदा वाचायला हवा. अब्बांना अर्थात तयम्मुमची गरज नाही, पाण्याने त्यांना काही अपाय होत नाही. साखर तपासण्याचा मुद्दाही सरसकट खरा नाही: हनफींमध्ये जखमेतून वाहून निघालेल्या रक्ताने वजू तुटते, शाफईंमध्ये बोटातल्या रक्ताने तुटत नाही.

राहिला कजाचा दावा. माजूर माणसाने नियमाप्रमाणे वजू करून पढलेली नमाज पूर्ण होते, ती पुन्हा पढावी लागत नाही. कजा करावी लागते ती सोडलेल्या नमाजची. म्हणजे अब्बांनी पिशवी बांधून पढलेल्या नमाजांची कजा नाही. संदेशावर विश्वास ठेवून सोडलेल्या 11 दिवसांच्या 55 नमाजांची मात्र आहे. आणि शाफई मसलकात माजूर माणसाला कजा फर्जसाठीही दर वेळी वेगळी वजू लागते. अब्बांनी वहीच्या एका पानावर 55 रेघा मारल्या आहेत. सध्या ते मगरिब (सूर्यास्तानंतरची नमाज) पढून पुन्हा मोरीवर जातात, पिशवी रिकामी करतात, वजू करतात, एक कजा पढतात आणि एक रेघ खोडतात. काल रात्रीपर्यंत 23 खोडून झाल्या होत्या.