कूल मॅगझिन काढायचंय? आधी फुकट वाटा

तरुणाईचं मॅगझिन काढायचं मनात आलंय ना, मग 'व्हाइस'चा कित्ता गिरवा. १९९४ साली कॅनडातल्या माँट्रियलमध्ये तिघांनी ते सुरू केलं, तेही बेकारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेच्या पैशावर. म्हणजे बघा, बंड सिस्टिमविरुद्ध करायचं पण भांडवल सिस्टिमकडूनच घ्यायचं, व्याज लागत नाही.

अंक विकायच्या भानगडीत पडू नका. कपड्यांच्या दुकानात गठ्ठा ठेवून द्या, पोरं उचलतात. वाचक फुकट्या असला तरी बिघडत नाही, तो गिऱ्हाईक थोडाच आहे, तो तर माल, गिऱ्हाईक म्हणजे जाहिरात देणारा.

मग एक पान 'डूज अँड डोन्ट्स'चं ठेवा. रस्त्यावरच्या कुठल्यातरी अनोळखी माणसाचा फोटो, समजा मोज्यांवर सँडल घातलेला, आणि खाली दोन ओळींत त्याची सालटी. (आपल्याकडे हे काम कट्ट्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालतं, पण छापून पैसे करायचं कुणाला सुचलं नाही.) वाचणारा आधी खो खो हसतो, मग हळूच खाली वाकून स्वतःचे बूट बघतो, आणि एकदा का त्याने बूट बघितले की तो तुमचा.

ऑफिस न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्गमध्ये हलवा, भाडी चढायच्या आत. तिथे ट्रकवाल्याची टोपी घालून पॅब्स्ट ब्लू रिबनची स्वस्त बिअर प्यायची, म्हणजे कामगार जे परवडतं म्हणून करतो ते आपण स्टाइल म्हणून करायचं. कुणी भडकलंच तर 'अरे, जोक होता' म्हणायचं. एक संस्थापक गॅव्हिन मॅकइनेस २००८ मध्ये बाहेर पडला आणि २०१६ मध्ये त्याने 'प्राउड बॉइज' ही कट्टर उजवी संघटना काढली, त्याचा जोक नेमका कुठे संपला ते अजून कळलेलं नाही.

एवढं बंड केलंत की मीडियासम्राट मरडॉकच्या फॉक्सकडून ७ कोटी डॉलर घ्या, मग मिकी माउसवाल्या डिस्नीकडून ४० कोटी, लाजायचं नाही. २०१७ मध्ये कंपनीची किंमत ५७० कोटी डॉलर लावली होती. २०२३ मध्ये दिवाळखोरी, आणि ३५ कोटी डॉलरांत सगळा बाजार ज्यांचं कर्ज होतं त्यांच्याच घशात. पुढच्या वर्षी शेकडो लोकांना नारळ.

आणि हो, तुम्ही आत्ता मोज्यांवर सँडल घातले असतील तर पटकन काढा. थांबा थांबा, हल्ली तीच फॅशन आहे म्हणे, भाच्याला विचारून सांगतो.