नाकापेक्षा कार्ड जड

जुन्या मदरबोर्डात ग्राफिक्स कार्ड खटकन बसलं की वाटतं, गंगेत घोडं न्हालं. खरं तर घोडं अजून काठावरच असतं. खाचा जुळल्या एवढंच कळलेलं असतं, आणि खाचा सर्रास खोटं बोलतात.

एजीपी, म्हणजे खास ग्राफिक्स कार्डासाठीचा स्लॉट, १९९७ साली इंटेलच्या ४४०एलएक्स चिपसेटबरोबर (बोर्डावरची वाहतूक सांभाळणाऱ्या चिपांबरोबर) आला, तो ३.३ व्होल्टवर. ४एक्सच्या, म्हणजे चौपट वेगाच्या, वेळी व्होल्टेज १.५ झालं, ८एक्सला सिग्नल ०.८ वर उतरले. घोटाळा नको म्हणून कार्डाला खाच दिली: ३.३ व्होल्टचं कार्ड असेल तर मागच्या पत्र्याजवळ, १.५ चं असेल तर लांब. दोन्ही खाचा असल्या की कार्ड 'युनिव्हर्सल'. निदान तसं समजायचं. कारण काही महाभागांनी निव्वळ ३.३ व्होल्टच्या कार्डांनाही दोन्ही खाचा पाडून ठेवल्या आहेत. असलं कार्ड इंटेल ८४५ सारख्या फक्त १.५ व्होल्टच्या बोर्डात सुखाने बसतं आणि जाताना चिपसेटलाही सोबत नेऊ शकतं. म्हणून कार्डावरच्या चिपचा नंबर वाचायचा आणि ती किती व्होल्टची आहे हे आधी शोधायचं.

व्होल्टेज जुळलं की भुकेचा प्रश्न. एजीपी स्लॉटने ३.३ व्होल्टवर ६ अँपिअरपर्यंत द्यावेत असं नियम म्हणतो. नियम लिहिणाऱ्याचं काय जातं? जुन्या एटी पॉवर सप्लायमध्ये ३.३ व्होल्टची तारच नसते. सुपर सॉकेट ७ या जुन्या प्रोसेसर-सॉकेटच्या काही बोर्डांवर एक लिनिअर रेग्युलेटर ५ व्होल्टमधून ते तयार करतो आणि मधले १.७ व्होल्ट निव्वळ उष्णता म्हणून उधळतो. ६ अँपिअरला ती १० वॉटच्या वर जाते. जीफोर्स २५६ सारखं खादाड कार्ड लावलं की त्या रेग्युलेटरवर बोट ठेवून दाखवावं! डेस्कटॉप तासन्‌तास ठणठणीत, आणि थ्रीडी गेम सुरू झाला की चित्र गोठलं, असं होत असेल तर आधी इथे बघा. मग शेजारचे कपॅसिटर. त्यांच्या डोक्यावरची फुलीची खूण सपाट हवी. टेंगूळ आलं असेल तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे, १०५ अंशांचे लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेले) कपॅसिटर घाला.

नवीन पॉवर सप्लाय लावून सुटाल, तर तेही नाही. आजचे सप्लाय जवळजवळ सगळी ताकद १२ व्होल्टवर लावतात. ज्या अॅथलॉन एक्सपी बोर्डांना चार पिनांचा १२ व्होल्ट कनेक्टर नाही, तिथे ७० वॉटचा प्रोसेसर एकटाच ५ व्होल्टवरून १४ अँपिअर तरी ओढतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? डब्यावर छापलेले एकूण वॉट सोडा, ५ व्होल्टसमोरचे अँपिअर वाचा.

इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटला १०० ऐवजी १३३ मेगाहर्ट्झवर पळवणाऱ्यांचा उत्साह मला समजतो, पण त्यात एजीपीची गती ६६ ऐवजी ८९ होते. काही कार्डं हे निमूट सोसतात, काही बूटच होत नाहीत.

ड्रायव्हरचा क्रम उलटा करू नका: व्हियाच्या चिपसेटवर आधी ४इन१ (व्हियाचा चिपसेट ड्रायव्हरांचा संच), रीस्टार्ट, मग ग्राफिक्सचा. आणि विंडोज ९८ वर १ जीबी रॅम लावलीत, तर मेमरी जास्त झाल्यामुळे 'मेमरी अपुरी' असा संदेश येऊ शकतो. विनोद माझा नाही, विंडोजचा आहे. व्हीकॅश (विंडोजची फाइलींसाठीची कॅश) वाढता वाढता मेमरीच्या पत्त्यांची जागा खाते, त्यात एजीपी अॅपर्चरही (कार्डासाठी राखलेला पत्त्यांचा पट्टा) वाटेकरी. सिस्टम डॉट आयएनआयमध्ये व्हीकॅश विभागात मॅक्सफाइलकॅश २६२१४४ (MaxFileCache=262144) लिहा आणि अॅपर्चर ६४ एमबीवर आणा.

तरीही हँग होत असेल तर बायोसमध्ये फास्ट राइट (प्रोसेसरने थेट कार्डाला लिहिण्याची सोय) बंद, 'असाइन आयआरक्यू फॉर व्हीजीए' चालू, आणि एजीपीला लागून असलेला पीसीआय स्लॉट रिकामा. बऱ्याच बोर्डांवर दोघांचा आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधायची लाइन, एकच असतो. शेवटी २एक्सचं १एक्स करा. त्या काळच्या गेमना फरक फारसा पडत नाही, फक्त बेंचमार्कचा आकडा तेवढा रुसतो.